अप्पांनी हाक मारली नाही

माझे सासरे माझ्या क्लासमुळे गेले.

घरात असं कुणी बोलत नाही. सगळे म्हणतात, आयुष्य तेवढंच होतं. कमेंटमध्ये तुम्हीही तेच लिहाल.
लिहू नका, प्लीज.

आज वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी लातूरच्या घरात बसून जपानमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या मुलांना ऑनलाइन इंग्लिश शिकवते. रायटिंग आणि स्पीकिंग. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेपाच. पहिला तास सातपर्यंत, दुसरा सात दहा ते आठ चाळीस.

हे नोकरीला नांदेडला, शनिवारी येतात. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे घरात मी आणि अप्पा. दोन खोल्या.

अप्पांनी उभा जन्म आडत बाजारात सौदा पुकारला. तो आवाज काय रिटायर होतो?
चाकूरच्या आत्याबाईंशी फोनवर बोलायला लागले की मी म्हणायचे, अप्पा, फोन ठेवून द्या, त्यांना असंच ऐकू जातंय. ते हसायचे आणि माझी तक्रार आत्याबाईंना आणखी मोठ्यानं सांगायचे.

माझी जपानी मुलं तोंडावर तक्रार करत नाहीत. वर्गात मान डोलावतात आणि फीडबॅक फॉर्ममध्ये लिहितात.
एकीनं लिहिलं, मॅडमच्या मागं एक माणूस ओरडतो, भीती वाटते.

अप्पा ओरडत नव्हते हो. तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेतली वचनं म्हणत होते.

कंपनीचा ईमेल आला. पुन्हा बॅकग्राउंडला आवाज आला तर बॅच काढून घेऊ.

एमए करून मी सहा वर्षं कॉलेजांत तासिका तत्त्वावर धक्के खाल्लेत. ही पहिली नोकरी, जिथं मला कुणी मनापासून मॅडम म्हणत होतं. मी घाबरले. आणि घाबरले की मी फार वाईट बोलते.

"अप्पा, तुमच्या आवाजानं माझी नोकरी जाणार आहे."

"बरं माय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची पूजा चारला. मग बाहेर व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत, आठ चाळीसपर्यंत. खोकला आला की उपरणं तोंडावर. दूधवाल्याला हातानंच गप्प करायचे.

मला सोयीचं होतं. आमचे अप्पा किती ॲडजस्ट करतात, असं मी माहेरी कौतुकानं सांगायचे.
तीन वर्षं.

त्या दिवशी दुसऱ्या तासाला धडा होता, बोलणाऱ्याला मध्येच कसं थांबवायचं.

माझी मुलं हुशार, पण शिक्षकाला मध्ये थांबवणं त्यांना जमतच नाही. समजलं नाही तरी बसून राहतील. मी तासभर विनवत होते. थांबवा मला. मी मुद्दाम चुकीचं बोलतेय, थांबवा. एक्सक्यूज मी म्हणा.
वीस चेहरे. वीसही म्यूट.

शेवटी थोडी चिडलेच. गप्प बसणं म्हणजे आदर नव्हे, असं सांगितलं त्यांना. इंग्लिशमध्ये ते वाक्य फार छान वाटलं मला.

भिंतीपलीकडे अप्पांच्या छातीत सव्वासातलाच कळ आली होती.

आठ चाळीसला हेडफोन काढला आणि चहा घेणार का विचारायला बाहेर आले.
अप्पा खुर्चीतच होते. बनियन घामानं ओलंचिंब. उपरण्याचं टोक दातात घट्ट धरलेलं.

डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत पाच मिनिटं सोडलं मला. मी विचारलं, अप्पा, हाक का नाही मारली?

"मारणारच हुतो. पर तू शिकवायलीस, तुजा आवाज येत हुता. म्हणलं, आता सुटंल, मग सुटंल."

मग त्यांनीच विचारलं,

"माजा आवाज आत गेला न्हाई न?"

नाही अप्पा, म्हणाले मी. आणखी काय म्हणणार होते?

तिसऱ्या दिवशी गेले.

आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. अप्पांना भस्म लावलं, हार घातले, अंगणात टेकवून बसवलं. लोक येऊन 'शरणु शरणार्थी' म्हणत पाया पडत होते, छान दिसतात म्हणत होते.
मला तिकडं बघवत नव्हतं. तसंच बसलेलं मी त्यांना तीन वर्षं बघितलं होतं.

कंपनीनं चार दिवसांची रजा दिली. पाचव्या दिवशी मी त्याच टेबलाशी, तोच हेडफोन लावून.

हे म्हणतात, सोडून दे. सोडून जाऊ कुठं? परत तासिकेवर? मला दुसरं काही येत नाही. रोज पहाटे उठते, केस विंचरते, कॅमेऱ्यासमोर हसते. कुणीतरी बाहेरून कडी लावल्यासारखं वाटतं. आणि कडी लावणारी पण मीच.

आज नवीन बॅचला तोच धडा आला. सिलॅबस ठरलेला असतो, पान सोडता येत नाही.

मी दार उघडं ठेवून शिकवलं. पहिल्यांदाच.
दूधवाला ओरडला, शेजारचा कुकर वाजला, गल्लीतून ऑटो गेले. सगळं आत आलं. मी शिकवत राहिले.

दुपारी ईमेल आला. बॅकग्राउंडला आवाज होता, लेखी खुलासा द्या.

उत्तर अजून दिलेलं नाही. उद्या देईन. द्यावंच लागेल.

अप्पा, तुम्ही त्या दिवशी हाक मारली असती, तर माझी नोकरी गेली असती.
एवढंच झालं असतं.
एवढंच.

शरणु शरणार्थी, अप्पा.