फिरत्या चकतीवरचं पाणी

हेमाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी जव्हारच्या एसटी स्टँडवर मोखाड्याच्या गाडीत बसले होते. तिलाच भेटायला निघाले होते. मूत्रपिंडाच्या आजारामुळे ती बराच काळ नाशिकच्या फेऱ्या मारत होती आणि आता डॉक्टरांनी घरी सोडलं होतं. भाऊ एवढंच म्हणाला, "मॅडम, ताई गेली..." गाडी सुटली. मी उतरले नाही. जायचं तिथंच होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. हेमलता आमच्या कॉलेजात गणित शिकवायची, मी पदार्थविज्ञान. ती सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरची, आईवडील मजुरीला जाणारे. तिथून ती पीएच.डी.पर्यंत कशी पोचली हे सगळे विचारत, पण ती नेमकं काय शोधते आहे हे कुणी विचारत नसे. मीही विचारलं नव्हतं. एक दिवस तीच प्रयोगशाळेत आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडे चांगला दणकट चुंबक आहे का?"

मग तिनं सांगितलं. द्रवात एखादी तापलेली चकती फिरत असेल तर तिला लगटून असलेला द्रव बाहेर फेकला जातो. त्याची जागा भरायला वरचा थंड द्रव खाली येतो आणि चकतीची उष्णता घेऊन जातो. द्रव वीज वाहणारा असला आणि तिथे चुंबक आणला, तर हा सगळा ओघ मंदावतो आणि उष्णता चकतीपाशीच रेंगाळते. हे तिनं समीकरणांतून काढलं होतं, संगणकावर आलेख आले होते. पण प्रबंधाआधीच्या सादरीकरणात एका परीक्षकांनी तिला विचारलं, हे तुम्ही कधी डोळ्यांनी पाहिलंय का? त्यांनी सहजच विचारलं असावं. हिच्या मात्र ते डोक्यातून जाईना. पाहिल्याशिवाय प्रबंध द्यायचा नाही असं तिनं ठरवलं. मार्गदर्शक चिडले. मुदत संपली तर नोंदणी रद्द होईल, गणितवाल्यांना प्रयोग कशाला हवा, असं त्यांनी बजावलं. त्यांचंही चूक नव्हतं.

आम्ही लागलो. जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर मिळाली. चकती म्हणून डब्याचं झाकण लावलं, तर चुंबक जवळ नेताच तेच त्याला जाऊन चिकटलं. आम्ही दोघी हसत सुटलो. मग प्लास्टिकची चकती केली. मिठाच्या पाण्यात काहीच फरक दिसेना. त्यातून वीज इतकी थोडी वाहते की तो दिसण्याइतका असणारच नाही, हे हेमानं आधीच गणित करून सांगितलं होतं, तरी करून बघायचंच होतं तिला. शेवटी काचेच्या भांड्यात मोरचुदाचं द्रावण घेतलं, मधोमध तांब्याची काडी, कडेनं तांब्याचं कडं, खाली स्पीकरमधले चुंबक, आणि बॅटरी अशी जोडली की द्रवाला चकतीच्या उलट दिशेनं रेटा बसावा. लाल शाई आपल्या वजनानं बुडू नये म्हणून तिनं ती त्याच द्रावणात कालवली. चकती फिरू लागली तशी वरून शाईची एक रेघ सरळ खाली उतरली आणि चकतीवर पसरत बाहेर गेली. बॅटरी चालू केली... रेघ रेंगाळली. हेमा भांड्याला नाक लावून बसली होती.

त्या सुमारास तिची आई बाजाराला जव्हारला आली होती. हेमानं तिलाही ते दाखवलं. आईनं वाकून पाहिलं आणि विचारलं, हे पानी अडतंय कशानं गं? हेमानं चुंबकाचं सांगितलं. "मंग काढ ना तो," आई म्हणाली. "जाऊं दे बिचाऱ्या पान्याला."

प्रबंध मुदतीत गेला, पण या प्रयोगाचे फोटो त्यात तिनं घातले नाहीत. मी खूप सांगून पाहिलं. तोंडी परीक्षेत त्याच परीक्षकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. ती म्हणाली, "पाहिलं सर, पण ते हे नव्हे. मी वीज बाहेरून सोडली होती. माझ्या समीकरणांत ती द्रवाच्या गतीतूनच निर्माण होते. ते मला अजून पाहायचंय." पदवी मिळाली. ते पाहायला वितळलेला धातू लागला असता, तशी सोय असलेल्या ठिकाणांची ती माहिती काढत होती. मग आजार आला...

कार्य झाल्यावर मी सूर्यमाळला तिच्या आईकडे गेले. तिनं कोरा चहा केला, न गाळता कपात ओतला, चमच्यानं गरगर ढवळला आणि चमचा काढून घेतला. मी कप उचलायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"थांब बाय. पत्ती मधी जमूं दे."

आम्ही दोघी कपात बघत राहिलो. पत्ती फिरत फिरत तळाशी मधोमध गोळा झाली. हेमी घरी आली की असंच करायची, आई म्हणाली. फिरणारी वस्तू बाहेर पळायला पाहिजे, मग ही मधी का येते, असं तिनंच एकदा विचारलं होतं आणि तिनंच समजावलं होतं, की तळाला घासून खालचं पाणी मंदावतं, मधी वळतं आणि पत्तीला घेऊन येतं. आता आईही रोज तसंच करते.

"तिनं सांगितलेलं ठावं आहे मला," आई म्हणाली. "पन तू सांग परत."

मी कप आमच्या दोघींच्या मधे ठेवला आणि सांगायला लागले.