आमच्या ह्यांचं नाक

जुन्या तांब्याचा वास मला सहन होत नाही. भांड्याचा नव्हे, नाण्याचा. तो एकदा बोटांना लागला की साबणाने जात नाही, आणि भाकरीच्या घासाबरोबर थेट नाकात शिरतो. लग्न होऊन पौडाकडच्या चांद्याला आले तेव्हा पहिल्या काही दिवसांतच हा वास कुठून येतो हे शोधत मी सगळं घर धुऊन काढलं होतं. तो ह्यांच्या हाताला होता. अजून आहे.

आमचे हे जुनी नाणी घेतात आणि विकतात. आमच्या वरच्या खोल्यांत हिंजवडीला नोकरी करणारी मुलं भाड्याने राहतात, त्यांना याचं भारी कौतुक. काका म्हणजे इतिहास, काका म्हणजे चालतंबोलतं संग्रहालय! मी खालून ऐकते आणि भांडी घासत राहते. एकदा माझ्या माहेरच्या बाजूचा, कोळवण खोऱ्यातला, एक म्हातारा एसटीने आला होता. गर्दीत कुणी खिसा कापील म्हणून त्याने चांदीचा रुपया सबंध वाटभर गालात धरला होता. आमच्या ओट्यावर टेकला आणि त्याने तो ह्यांच्या तळहातावर थुंकला. ह्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. शांतपणे हात लांब केला, दोरीवरचं फडकं ओढलं आणि रुपया पुसला. पोळ्यांचं फडकं होतं ते. मी ते जाळलं, आणि म्हाताऱ्याला चहा दिलेला कपही टाकून दिला, पण रुपया मात्र आमच्या कपाटात, माझ्या साड्यांच्या खालच्या कप्प्यात राहायला आला.

काय काय येतं या घरात! गळ्यातल्या माळेतून तोडलेली नाणी येतात, घामाने काळ्या झालेल्या दोऱ्यासकट. नदीतून काढलेली येतात. मयताच्या राखेतली येतात, आणि आणणारा ते निर्लज्जपणे सांगतोही. त्यावर पुन्हा मोबाइलवाले. कुठल्या तरी व्हिडिओत बघून फोन करतात, की आमच्याकडे देवीचं चित्र असलेलं दहाचं नाणं आहे, लाखो रुपये कधी देता? तेच नाणं पौडाच्या बाजारात भाजीवाली सुट्ट्यात देते.

हे सगळं मी सोसलं असतं. मला शिसारी आहे ती ह्यांच्या नाकाची.

धंद्याची एक रीत आहे. घेताना चांगल्या मालाला नावं ठेवायची आणि विकताना फालतू मालाचं कौतुक करायचं. गुरांच्या बाजारात काय वेगळं चालतं? पण ह्यांची बात और. समोर कुणी चांगलं नाणं ठेवलं, की हे ते दोन बोटांत असं उचलणार, जसं काही गटारातून काढलंय. उजेडाला धरणार. मग नाकाची डावी बाजू हळूहळू वर चढणार, ओठ त्याच्यामागे ओढला जाणार, आणि सगळ्या चेहऱ्यावर अशी किळस पसरणार की समोरच्याला आपल्याच घराण्याची लाज वाटावी. मग म्हणणार, "झिजलंय हो." नाणं परत सारणार. त्या माणसाचं तोंड उतरतं. तो उठायला लागला की हे म्हणणार, "आता एवढ्या लांबून आणलंयच, तर राहू द्या. पोराटोरांना खेळायला व्हईल." आमच्या घरात पोरंटोरं कुणी नाहीत.

फालतू नाणं असलं की मात्र तोंड साखरेचं. "वा, छान आहे, देवात ठेवा, मोडू नका." तो माणूस खूश होऊन जातो.

एकदा एक बाई कागदाच्या पुडीत शिवराई घेऊन आली. एकेक अक्षर स्वच्छ. ह्यांनी असं नाक केलं, की मी आतून धावत आले, मला वाटलं पलंगाखाली उंदीर मेलाय. ती बाई बिचारी पदराने डोळे पुसत गेली आणि संध्याकाळी हे गाणं गुणगुणत भाजी निवडायला बसले. मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं, की एक दिवस हे नाक असंच राहील. राहिलंच. आता आवडीची वांग्याची भाजी पाहिली तरी ते वर चढतं.

पुण्यात प्रदर्शनं भरतात, तिथे मी एकदाच गेले. मोठा हॉल, काचेची टेबलं, मागे व्यापारी. इस्त्रीचे शर्ट, बोटांत अंगठ्या. एकमेकांच्या डब्यातलं जेवतात, मुलांच्या लग्नांना आहेर करतात, पण एकमेकांकडे पाठ करून नाणं टेबलावर ठेवत नाहीत. आणि सगळ्यांचं तेच तोंड. हॉलभर माणसं आपल्याला हवी असलेली वस्तू हातात घेऊन तिचा वीट आल्याचं सोंग करत होती.  मी बाहेर पायरीवर बसून राहिले.

लोक काही दूधखुळे नसतात. हळूहळू पौडापासून कोळवणपर्यंत बातमी पसरली, की चांद्याच्या नाणेवाल्याच्या तोंडाकडं न्हाई, नाकाकडं बघायचं. नाक चढलं की माल अस्सल. लोक नाणं घेऊन येत, नाक बघत, चहा पीत, आणि नाणं परत खिशात घालून पुण्याचा रस्ता धरत. हे चिडायचे. मला हसू यायचं. त्या हसण्याची किंमत आपल्याला मोजावी लागेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

माझा धाकटा भाऊ गावाकडे आईजवळ राहतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आईचं, त्याचं आणि माझं अशी तीन नावं लागली. जमीन म्हणजे काय, रस्त्याकडेचं भाताचं एक मोठं खाचर. आईचं वर्षाचं पोट त्यावर. आजूबाजूची खाचरं शहरातल्या लोकांनी घेऊन त्यांत बंगले बांधले, आमचं तेवढं राहिलं होतं. भावाचा फोन आला. म्हणाला, "आक्का, दाजींना घिऊन ये. आपलं नशीब उघडलंया. आन् तुजी सही बी लागंल."

आम्ही मोटरसायकलवर गेलो. घरात दोन परके पुरुष बसलेले. एकाच्या अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट, हातांत रबरी मोजे. दुसरा नुसताच जाड. समोर स्टीलच्या डब्यात लाल मखमल आणि त्यावर एक काळपट तांब्याचं नाणं, रामाचा दरबार कोरलेलं. भावाने सांगितलं ते असं, की या नाण्यावर वीज पडलेली आहे, त्यामुळे ते तांदूळ ओढतं. परदेशातली कुठलीशी अवकाशयानं बनवणारी कंपनी त्याचे कोट्यवधी देते. पण आधी नाणं आपल्या मालकीचं करून घ्यायचं आणि तपासणीचा खर्च भरायचा. त्यासाठी खाचर विकायचं. बंगलेवाला गिऱ्हाईक तयार होता. फक्त माझी सही.

कोटवाल्याने आपल्या पिशवीतून तांदळाची पुडी काढली, ताटात दाणे पसरले आणि नाणं जवळ नेलं. दाणे सरसर पुढे सरकले आणि त्याला चिकटले. आईने हात जोडले. भाताच्या खोऱ्यात जन्मलेली बाई ती, तिच्यापुढे तांदूळ चालला तर ती काय करील?

मी ह्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ह्यांना मनापासून किळस आलेली मी पाहत होते. आणि काय सांगू, नाक चढलं. नेहमीसारखंच, डावीकडून, हळूहळू, ओठ ओढत.

"खोटं आहे हे," हे म्हणाले. "कालपरवा ओतलंय. शेणात पुरून काळं केलंय. आन् तांदळाला लोखंडाचा कीस फासलाय, नाण्यात लोहचुंबक हाय."

शब्दन् शब्द खरा. पण ऐकतंय कोण? भाऊ आनंदाने उभाच राहिला. "आई, नाक बघितलंस का? दाजींचं नाक बघितलंस का?"

कोटवाला हुशार. त्याला नाकाचा इतिहास माहीत नव्हता, पण वारा कुठून येतोय ते कळलं. हसून म्हणाला, "साहेब जाणकार दिसतात. तुम्हीच बोला ना, काय द्याल?"

"पाच पैसे देणार न्हाई," हे ओरडले. जितके ओरडत होते तितकं नाक वर जात होतं, आणि नाक जितकं वर जात होतं तितका भाऊ खुलत होता.

मला राहवलं नाही. आत गेले, पिंपातला आमच्या खाचरातला तांदूळ ओंजळभर आणला, ताटात टाकला, आणि ते डबड्यातलं नाणं स्वतःच्या हाताने उचलून त्यात ठेवलं. एक दाणा हलला नाही. मी म्हटलं, "बघा आता." कोटवाल्याने कपाळावर हात मारला. "ताई, काय केलंत! बाईमाणसाचा हात लागला. आता अमावास्येपर्यंत शक्ती झोपली." भावाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी गाय मारली. त्या कोटवाल्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. त्या मोज्यांना अत्तराचा वास येत होता, त्यापेक्षा तांब्याचा परवडला.

मग आई बोलली. "जावयांचं तोंड येक बोलतंय आन् नाक दुसरंच. तू सांग गं. माजी लेक हायेस तू."

"खोटं हाय, आई. चोर हायेत ही माणसं. सही न्हाई करायची मी."

आईने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. लहानपणी माझ्या तोंडावरून ताप ओळखायची ती. मग म्हणाली, "पर तुजं बी नाक तसंच चढलंया की."

मी हात लावून पाहिलं. चढलं होतं. डावीकडून.

"म्हंजे दोघांनाच पायजे त्ये," भाऊ म्हणाला. "आमाला खोटं म्हनायचं, सही अडवायची, आन् मागनं तुमीच घ्यायचं. लई बघितली तुमची रीत."

समोर ताटात आमचा तांदूळ पडला होता. मी त्या अन्नावर हात ठेवला आणि शपथ घेतली, की आमच्या मनात तसलं काही असेल तर या घरचा दाणा मला पचू नये. आणि सही न करता बाहेर पडले. आई दारापर्यंतही आली नाही.

 परतताना पौड जवळ आलं तशी हे मान थोडी मागे वळवून म्हणाले, "येक सांगू का? खोटंच हाय ते, त्यात वाद न्हाई. पर असलं घेणारं येक गिऱ्हाईक हाय माझ्याकडं. तुझा भाऊ जरा गप बसला असता, तर त्या दोघांकडून मी हळूच..."

"गाडी थांबवा," मी म्हटलं.

उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. खरोखर ओकले. शपथेचा तांदूळ अजून हाताला चिकटलेला होता. हे पाण्याची बाटली घेऊन मागे उभे राहिले आणि पाठीवर हात फिरवायला लागले. त्या हाताला तांब्याचा वास येत होता. मी मागून आलेल्या प्रवासी जीपला हात केला आणि तिच्यात बसून घरी आले.

खाचर वाचलं. माझ्या सहीशिवाय ते विकता येईना. ते दोघे जाताना भावाच्या बायकोच्या बांगड्या कसल्याशा शुद्धीसाठी म्हणून घेऊन गेले, ते परत फिरकलेच नाहीत. एखाद्याचे डोळे उघडले असते. भाऊ अजून खोरंभर सांगत फिरतो, की आक्काचा हात लागला आणि कोटीचं नाणं विझलं. भाऊबिजेला मी ताट करून वाट पाहिली, तो आला नाही.

भाताची झोडणी झाल्यावर आई मात्र आली. एकटी, एसटीने, डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्वयंपाकघरात बसून गाठ सोडली. "आपल्या खाचरातला हाय. बघ."

मी मूठ भरून नाकाशी नेली. नव्या इंद्रायणीचा तो गोड वास! कितीतरी दिवसांनी घरात चांगला वास आला होता. मी मनापासून हसले आणि म्हटलं, "आई, लई चांगला हाय गं."

आईचा चेहरा पडला. "काय वाईट हाय त्यात? सांग की."

"काय न्हाई, आई. चांगला हाय म्हणते ना मी."

"तुमच्या घरात चांगल्याला चांगलं म्हनत न्हाईत," ती म्हणाली. तिने मूठभर तांदूळ ताटात घेतला, चष्मा लावला आणि बोटाने दाणे बाजूला सारत काहीतरी शोधायला लागली. मी तिला थांबवायला तोंड उघडलं, पण कुठलं तोंड करून सांगावं ते मला कळेना. बाहेर ओट्यावर कुणीतरी आलं होतं. ह्यांचा आवाज आला, "झिजलंय हो." आईने मान वर करून एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा ती तांदूळ निवडायला लागली.