पेटी जमिनीला टेकली

"खाली ठेव. तो उचलून घेईल."

मंडळाचा सेक्रेटरी एवढंच म्हणाला. आवाज चढवला नाही. समोर पाहुणे बसले होते म्हणून तोंडावर हसूही होतं. आणि मी ठेवली. दोन्ही हातांत धरलेली हाडांची पेटी वाकून, सावकाश, त्या मुलाच्या पायांपुढं फरशीवर ठेवली.

रविवारची सकाळ. सोलापुरातल्या आमच्या मेडिकल हॉस्टेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये मंडळाचा वर्धापनदिन चालला होता. मी नुकताच फर्स्ट एमबीबीएस पास झालो होतो. माझी पेटी पहिल्या वर्षाच्या एका मुलाला सोपवायची होती. वकिलाचा मुलगा, गोरापान, जरा घाबरट. त्यानं हात पुढं केले होते की नव्हते, हे मी बघितलंसुद्धा नाही. शब्द कानावर पडले आणि माझी कंबर वाकली. त्या वाकण्याची मला अजून लाज वाटते.

करकंबजवळच्या आमच्या गावात आई अशीच वाकायची. दळण घेऊन गिरणीवर गेली की पाटी ओट्याखाली ठेवायची आणि चार पावलं मागं सरायची. मग गिरणीवाला उतरून पाटी उचलायचा. ज्वारी चालायची, ज्वारी देणारा हात चालायचा नाही. आम्ही म्हारवाड्यातले. मी शिकलो, शहरात आलो, पांढरा कोट घातला, आणि मला वाटलं, ते सगळं गावच्या वेशीवर राहिलं. वेशीवर कसलं राहतंय! माझ्या कंबरेत बसून ते माझ्याबरोबर सोलापूरला आलं होतं.

आता मंडळाबद्दल सांगतो, नाहीतर त्या पेटीचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

मंडळाचं नाव बंधुमंडळ. कॉलेज नवं होतं तेव्हा चार विद्यार्थ्यांत मिळून हाडांचा एकच संच होता. कवटी, मणके, मांडीची हाडं, पंजाची बारकी हाडं दोरीत ओवलेली. हाडं हातात घेऊन फिरवल्याशिवाय ॲनाटॉमी डोक्यात शिरत नाही, आणि स्वतःचा संच सगळ्यांच्या नशिबी नसतो. चौघांनी तो एका लाकडी पेटीत ठेवला, आळीपाळीनं वापरला, पास झाल्यावर धाकट्याला दिला. देणाऱ्यानं घेणाऱ्याचं नाव झाकणाच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलं. तीच पुढं पद्धत झाली. पेट्या वाढल्या. कुणी मिरजेला गेला, कुणी औरंगाबादला, आणि जाताना एकेक पेटी घेऊन गेला. पेटी गेली की शाखा झाली, असं मंडळात म्हणत. सगळ्या शाखांना नियम एकच, आणि तो सोवळ्यासारखा पाळायचे. पेटी या हातातून त्या हातात जाते. सोपवताना ती जमिनीला टेकता कामा नये.

हे मला इतकं पाठ आहे, कारण मंडळाचा इतिहास मीच लिहिला. माझं अक्षर वळणदार. स्मरणिकेसाठी शाखांकडून आलेली पत्रं सेक्रेटरीनं माझ्या खोलीत आणून टाकली आणि म्हणाला, "तुझ्यासारखं मराठी आपल्यात कुणाचं नाही." हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तसा मी लागलो. मला भुलवलं ते 'आपल्यात' या शब्दानं. पंधरा दिवस टोकदार लेखणीनं स्टेन्सिल, म्हणजे छपाईचे मेणकागद, कोरत बसलो. बोटाला घट्टा पडला. तो नियमही मीच कोरला, ठळक अक्षरांत.

माझ्याकडं आलेली पेटी तीच, चौघांची, पहिली. मला ती शिवशरणनं दिली होती. तो अक्कलकोटचा, घरी कन्नड बोलणारा. "तगो, तम्मा," म्हणत त्यानं पेटी माझ्या हातांवर ठेवली. घे, धाकट्या. त्याचे तळवे माझ्या तळव्यांखाली होते, पेटी जड म्हणून. मग आडनावासकट माझं नाव झाकणावर लिहिलं. पुढं तो कॉलेज बदलून हुबळीला गेला. त्या रविवारी तो हॉलमध्ये असता तर, असं मी फार दिवस मनात घोळवलं. उगाच. दुसऱ्याच्या भरवशावर ताठ उभं राहता येत नाही.

इतिहास लिहिताना मी महादेवमामांना भेटलो. मामा डिसेक्शन हॉलमधले शिपाई. प्रेतं टाकीतून काढायची, टेबलावर घ्यायची, उरलेलं साफ करायचं, हे त्यांचं काम. पहिल्या पेटीबद्दल विचारलं तर हसले.

"त्यातली बाई व्हय? मीच उकळली की ती. सोडा घालून. मंग घासली, गच्चीवर वाळवली. टेसनावर मेली हुती. कुनी न्याया आलं न्हाय."

"नाव काय होतं तिचं?"

"कागदावर बेवारस. त्यापरीस जास्त कोन लिवतंय?" मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "तू आमच्यातलाच न्हवं?"

मी हो म्हटलं. इकडंतिकडं बघून म्हटलं, हेही कबूल करतो.

मामांवर आणि त्या बाईवर मी अर्धं पान लिहिलं. सेक्रेटरीनं त्यावर तांबडी रेघ मारली. "हा इतिहास आहे, शवागाराचा अहवाल नाही." मी ते पान पुन्हा कोरलं, मामांशिवाय, बाईशिवाय. तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण त्या झाकणावर माझं नाव होतं, आणि माझ्याखाली आणखी एक नाव यावं, रांग माझ्यातून पुढं जावी, एवढीच माझी भूक होती. डॉक्टर तर मी होणारच होतो. मला त्यांचा भाऊ व्हायचं होतं.

तर, पेटी फरशीवर. हॉलमध्ये कुजबुज झाली. मिरज शाखेचे एक जुने डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. ते अर्धवट उठले.

"अरे, पेटी खाली कशी?"

सेक्रेटरी लगेच म्हणाला, "सर, मुलगा जरा नवखा आहे. त्याला आपली पद्धत माहीत नाही."

माहीत नाही! पाहुण्यांच्या मांडीवर स्मरणिका होती. त्यातलं अक्षर न् अक्षर माझं होतं.

त्या क्षणी डोक्यात उजेड वगैरे पडला नाही. एवढंच दिसलं की यांनी माझा हात टाळायला स्वतःचा नियम मोडला, आणि मोडल्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडलं. त्या बेवारस बाईची हाडं हाताळून तसेच चिवड्याच्या बशीत हात घालणारी ही पोरं. मेलेलीची जात कुणी विचारली नव्हती. जिवंत माणसाच्या हाताची मात्र यांना बरोबर पारख.

मी वाकलो आणि पेटी पुन्हा उचलली.

"पद्धत माहीत आहे. मीच लिहिली आहे. याला हात पुढं करायला सांगा."

वकिलाच्या मुलानं सेक्रेटरीकडं बघितलं. सेक्रेटरीनं पाहुण्यांकडं. पाहुण्यांनी स्मरणिका उघडली. हात काही पुढं आले नाहीत. मी थांबलो, चांगला थांबलो. मग पेटी घेऊन हॉलच्या बाहेर पडलो. खोलीत जाऊन दार लावलं आणि रडलो.

सोमवारी दुपारी मंडळाचे सल्लागार असलेल्या प्राध्यापकांनी बोलावलं. सेक्रेटरी आधीच बसलेला. टेबलावर कागद तयार. मी फक्त सही करायची होती. कागदावर लिहिलं होतं की माझ्या हातून पेटी जमिनीवर ठेवली गेली, परंपरेचा भंग झाला, हे गैरसमजातून घडलं, मी दिलगीर आहे आणि पेटी परत करत आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही.

"अरे, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं," सर म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. आवाजात माया होती. "पेटी मंडळाची आहे. उद्या कुणी चोरीची तक्रार केली तर? तुझं सगळं शिक्षण जाईल. दोन ओळी आहेत. मिटवून टाक."

"मला 'खाली ठेव' असं कुणी म्हटलं, ते यात लिहा सर. मग सही करतो."

"मी असं म्हटलंच नव्हतं," सेक्रेटरी म्हणाला. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला.

"आणि गैरसमज झाला नाही," मी म्हटलं. "मला नीट समजलं."

सरांनी उसासा टाकला. विचार करून उद्या सांग म्हणाले.

तिथून मी सरळ मामांकडं गेलो. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हा माणूस तरी पाठीवर हात ठेवील. मामा फडक्यानं टेबल पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत.

"सई कर आन् मोकळा हो. मी कितीतर ठिकानी आंगठा दिलाय, न वाचता. मेलो का? आदी डाक्टर हो, पोरा. मंग काय भांडायचं ते भांड."

"मामा, मी तुमचं नाव लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं, आणि मी गप बसलो."

फडकं थांबलं. "माजं नाव लिवलंतं?" त्यांनी विचारलं. टेबल पुसायला लागले. मग पुन्हा तेच म्हणाले, "सई कर." पण या वेळी माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत.

मामांचा मला राग आला नाही. भीती वाटली. इतक्या मायेनं कुणी वाकायला सांगितलं तर माणूस जन्मभर वाकून राहील, याची भीती.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी गोड शेवटाच्या आशेवर राहायला नको. चोरीची तक्रार झाली नाही. केली असती तर त्या सकाळी काय झालं ते त्यांना लिहावं लागलं असतं. मंडळातून माझं नाव काढलं. मेसमध्ये माझ्या टेबलाशी कुणी बसेना. पुढच्या परीक्षेत मी एका विषयात नापास झालो. त्याचा याच्याशी संबंध होता का, मला ठाऊक नाही. मागासवर्गीय वसतिगृहात जा, तिकडं तुमच्या लोकांत बरं वाटेल, असं दोघातिघांनी सुचवलं. मी गेलो नाही. त्याच खोलीत राहिलो, त्याच टेबलाशी एकटा जेवलो, डॉक्टर होईपर्यंत. पेटी मी पहिल्या वर्षाच्या एका मुलीला दिली. विणकराच्या घरातली, तेलुगू बोलणारी. बंधुमंडळानं मुलींना पेटी कधी दिली नव्हती. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि पेटी जड आहे म्हणून कुरकुरली. तेवढंच सुख. मामांचं नाव मात्र कुठंच छापलं गेलं नाही, आणि त्या बाईला तर नावच नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेलो. तयार कागद टेबलावर तसाच होता. शेजारी सरांचं पेन, टोपण काढून ठेवलेलं. सेक्रेटरी उभा होता. मी तो कागद बाजूला सारला आणि माझा ठेवला. रात्रभर पाच वेळा खोडून लिहिलेला. त्यात हॉलमध्ये काय म्हटलं गेलं, कुणी म्हटलं, कोण कोण ऐकत होतं, सगळं नावानिशी होतं. एक प्रत डीनसाहेबांना दिली आहे, असंही खाली होतं, आणि ती मी खरंच देऊन आलो होतो. सर वाचत गेले, तसा त्यांचा चेहरा आक्रसत गेला.

"अरे, पण यात माफी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे सर. शेवटी आहे."

त्यांनी पान उलटलं. तिथं माझ्या वळणदार अक्षरात तीन ओळी होत्या. त्या मी आजही कुणापुढंही तशाच म्हणून दाखवीन.

माझ्याकडून एक चूक झाली.
खाली ठेव म्हटल्यावर मी पेटी खाली ठेवली.
ही चूक माझ्याकडून पुन्हा होणार नाही.