मजकूर तयार आहे, फक्त पाठवा

या शहरातल्या समस्त पुढाऱ्यांची झोप उडवण्याचं काम कोणा एका माणसाने अंगावर घेतलेलं असेल, तर ते गृहस्थ भांडुपच्या टेकडीवर दोन खोल्यांच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बनियनवर बसलेले असतात आणि ते माझे साडू आहेत. पुढाऱ्यांची झोप खरोखर उडते का, हे त्यांना विचारायची सोय नाही. विचारलं की ते लॅपटॉप आपल्याकडे वळवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "साडूभाऊ, तुम्ही आधी नाव टाका, मग बोलू." त्यांचा उद्योग असा की परिसरात काही बिघडलं की इंटरनेटवर त्याचं एक पान तयार करायचं. वर तक्रार, खाली आपलं नाव आणि ईमेल टाकायला चौकटी, आणि त्याखाली साडूंनी लिहून ठेवलेला मजकूर. तुम्ही 'पाठवा' दाबलंत की तो मजकूर तुमच्या नावाने नगरसेवक, आमदार आणि खासदार अशा तिघांकडे रवाना होतो. हवं तर मजकुरात बदल करता येतो. पण तयार जेवणात वरून मीठ घालायचा उत्साह आपल्या लोकांत नसतो, त्यामुळे सगळे तो जसाच्या तसा पाठवतात.

साडूंची उभी हयात विक्रोळीच्या एका कारखान्यात, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देण्यात गेली. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा टाइप केलंय की झोपेत कूस बदलतानाही ते हेच म्हणत असतील, असा माझ्या बायकोचा अंदाज आहे. आयुष्यभर तक्रारींना तयार उत्तरं पाठवलेला माणूस निवृत्त झाल्यावर तयार तक्रारी पाठवू लागला, यात त्यांना स्वतःला काहीच विनोदी वाटत नाही. "मी टेबलाच्या त्या बाजूला बसलोय, मला माहितीय," ते म्हणतात. "एक पत्र आलं की ते कागद असतं. ढीग आला की साहेब खुर्चीतून उठून विचारतो, काय भानगड आहे?" साहेबाला खुर्चीतून उठवणं एवढंच त्यांचं ध्येय आहे. उठल्यावर त्याने काय करावं, हे ते त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडतात.

सुरुवातीला या पानांवर चौकटीच इतक्या असत की तक्रार परवडली असं वाटे. जन्मतारीख, पिनकोड, शिक्षण, 'आपण या ठिकाणी किती वर्षे वास्तव्यास आहात', शिवाय 'आपल्या भावना थोडक्यात' आणि तीही सक्तीची. फूटपाथवरच्या गटाराच्या तुटलेल्या झाकणाबद्दल भावना थोडक्यात लिहिताना मी स्वतः हात टेकले होते. मग त्यांनी चौकटी कमी केल्या आणि प्रचार वाढवला. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला प्रसादाच्या द्रोणाखाली एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर मोबाईलने स्कॅन करायचा तो काळा-पांढरा चौकोन. शिरा संपवल्यावर बंद पथदिव्यांबद्दल आमदारांना लिहिल्याशिवाय द्रोण टाकू देत नाहीत. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या वडिलांना व्याही म्हणून भेटायच्या आधी मतदार म्हणून गाठलं. ते गृहस्थ बोरिवलीचे. त्यांनी भांडुपच्या कचराकुंडीबद्दल बटण दाबलं आणि मगच त्यांना पंगतीत बसू दिलं.

घरातही हीच पद्धत. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि फोन करायला विसरू लागला, तेव्हा साडूंनी त्याच्यासाठीसुद्धा एक पान केलं. 'आई, मी ठीक आहे, जेवलो आहे, काळजी करू नये.' पोराने फक्त बटण दाबायचं. पोरगा बापावर गेलेला, त्याने बटण दाबायचे कष्टही वाचवले आणि रोज ठरल्या वेळी निरोप आपोआप जाईल अशी व्यवस्था करून टाकली. एका रविवारी तो घरी आलेला असताना, आईच्या समोर बसून दुसऱ्यांदा सोलकढी मागत असताना, आईच्या मोबाईलवर 'मी जेवलो आहे' असा निरोप आला. ताई, म्हणजे माझी मोठी मेव्हणी, उठल्या. त्यांनी सोलकढीचं भांडं उचलून आत नेलं.

या ताई स्टेशनजवळच्या भजनी मंडळात दर मंगळवारी पेटी वाजवायच्या. लग्नाआधीपासून त्यांचा हात पेटीवर बसलेला. संसारात कसलीही हौस न केलेल्या या बाईची तेवढी एक संध्याकाळ स्वतःची होती. टेकडीवरून खाली जायला एक छोटी बस होती, तीच परत वर आणायची. ती एके दिवशी बंद झाली. का बंद झाली ते कोणी सांगितलं नाही. रिक्षावाल्यासमोर चढाचं नाव काढलं की तो मान फिरवतो. ताई महिनाभर चढून आल्या आणि मग मंडळात जाणंच थांबवलं. "मलाच कंटाळा आला हो," त्या सगळ्यांना सांगत. मंडळाने पेटीवर दुसरी बाई बसवली. साडू यावर काहीच बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत म्हणजे टाइप करतायत हे आम्हाला कळायला हवं होतं.

साडूंचा पडद्यावरच्या अक्षरांवर विश्वास नाही. मजकूर कागदावर छापायचा, लाल पेनाने तपासायचा, तोही उभं राहून, ही कारखान्यातली शिस्त. बसच्या पानासाठीही त्यांनी 'सदर मार्गावरील बससेवा खंडित झाल्याने नागरिकांची होणारी गैरसोय' असा दणदणीत मजकूर छापून तपासला. पण त्याच वेळी आमदारांना स्वतःच्या नावाने पाठवायचं एक खाजगी पत्रही त्यांनी लिहून ठेवलं होतं. लाल पेनाने तपासलेला कागद फायलीत गेला आणि पानावर चिकटवलं गेलं ते खाजगी पत्र. कागद बिनचूक होता, त्यामुळे पानावर काय आहे ते बघायची त्यांना गरज वाटली नाही. लिंक सगळ्या टेकडीवर, मंडळात, आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आणि साखरपुड्याच्या त्या बोरिवलीच्या गृहस्थांपर्यंत गेली. मजकूर असा होता:

'माझी पत्नी दर मंगळवारी स्टेशनजवळील भजनी मंडळात पेटी वाजवावयास जात असे. बस बंद झाल्यापासून ती जात नाही. कंटाळा आला असे ती सांगते. ते खरे नाही. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. चढावर ती चपलेचा पट्टा नीट करण्याच्या निमित्ताने थांबते. तिच्या चपलेला पट्टा नाही. तरी बस त्वरित सुरू करावी, ही विनंती.'

हे पत्र शेकड्यांनी गेलं. कॉलेजातल्या पोरांनी पाठवलं, ब्रह्मचारी शिक्षकांनी पाठवलं, मंडळातल्या यच्चयावत बायकांनी पाठवलं. चौथ्या दिवशी आमदारांच्या कार्यालयातून एका तरुणाचा फोन आला. "काका, तुमच्या एरियात एवढ्या लोकांच्या मिसेसचे गुडघे एकदम कसे काय गेले? पाण्यात काही आहे का? साहेब खुर्चीतून उठलेत ना." साडूंनी फोन ठेवला. त्यांनी पान उघडलं, वाचलं, आणि ताई सांगतात की लग्नानंतर पहिल्यांदाच ते कारण नसताना अंगात शर्ट घालून बाहेर निघून गेले.

उठलेल्या साहेबांनी जे करायचं ते केलं. पंधरवड्यात टेकडीखाली 'भव्य मोफत गुडघे तपासणी शिबिर' असा फलक लागला. शिबिर खाली, गुडघे वर. ताईंना न्यायला आम्ही गेलो तर त्या म्हणाल्या, "तिथपर्यंत चालत जाता येतं त्यांनी जावं, त्यांचे गुडघे तपासण्यासारखे आहेत." मग साडूंकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही हो, अख्ख्या भांडुपात माझे गुडघे नेऊन ठेवलेत. भाजीवालासुद्धा विचारतो, काकी, आता कसं वाटतंय?" साडू खाली मान घालून म्हणाले, "दुसरा मजकूर चांगला होता गं. नजरचुकीने हा गेला." माणूस चोरी पकडली गेल्यासारखा बसला होता, आणि मला त्याची फार माया वाटली.

बस आली नाही. आल्या त्या बायका. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी भजनी मंडळ टेकडी चढून वर आलं. एका रिक्षावाल्याला दुप्पट भाडं कबूल करून पेटी बसवून पाठवली आणि बायका मागून पायी, जागोजागी टेकत, एकमेकींना नावं ठेवत. "आम्हाला वाटलेलं, हिला खरंच कंटाळा आला," त्यांच्यातली एक माझ्या बायकोला सांगत होती. "पाठवायला घेतलं तेव्हा वाचलं." आमदारांनी ते पत्र वाचलं की नाही, देव जाणे. पाठवणाऱ्यांनी मात्र वाचलं होतं. तेव्हापासून मंडळ साडूंच्या घरी भरतं. ताई पेटीवर बसतात. साडू, ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, ते स्वयंपाकघरात चहा करतात आणि गजर चढला की गॅस बारीक करतात, म्हणजे ऐकू यावं. मधल्या वेळात नवीन पान तयार होतंय. बस हवीच, कारण आता एवढ्या बायकांना परत उतरायचं असतं.

परवा आम्ही दोघं गेलो होतो. भजन संपल्यावर मंडळातल्या सगळ्यात वयस्क आजी माझ्याशेजारी बशीत चहा ओतून पीत होत्या. मालवणकडच्या, तोंडाने फटकळ. मी सहज विचारलं, "आजी, त्या पत्रात 'माझी पत्नी' असं होतं. तुम्हाला बदलता आलं असतं की."

त्यांनी बशी खाली ठेवली. "माझो घोव होतो तेव्हासुद्धा माझ्यासाठी असां काय लिवचो नाय," त्या म्हणाल्या. "म्हणान तसांच धाडलंय." आणि पदराने तोंड पुसून दुसऱ्या कोणाशी तरी बोलू लागल्या.

उतरताना अंधार पडला होता. अर्ध्या वाटेवर हिने विचारलं, "तुम्ही पाठवलंत का ते पत्र?"

"पाठवलं."

"बदलून?"

"नाही. जसंच्या तसं."

ही पुढची चार पावलं उतरली. मग म्हणाली, "माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत." पण तिने माझा दंड धरला, तो खाली सपाट रस्ता लागल्यावरही सोडला नाही.