फिनेल शिंपडलेले लाडू

१२ मार्च. सिनेमातल्या लग्नाच्या पंगतीसाठी सकाळपासून बुंदीचे लाडू वळले. ताटं मांडून होतात न होतात तोच शूटिंगच्या मॅनेजरने त्यांवर फिनेल शिंपडलं.

“अहो, हे काय?”

“ताई, नट नुसते हात लावणार. लाइटवाले मात्र खाऊन टाकतात. उद्याही असंच करायचंय.”

जेवणाची वेळ टळून गेलेले लाइटवाले तिथेच उभे होते. एकजण म्हणाला, “मावशी, वास झकास होता हो, फिनेलच्या आधी!”

मला शिसारी आली. लग्नात आपण नको नको म्हणणाऱ्यालाही आग्रहाने वाढतो. इथे तो आग्रह कॅमेऱ्यापुरता, आणि भुकेल्या माणसाने खाऊ नये म्हणून अन्नच नासवायचं.

१३ मार्च. सकाळी पुन्हा लाडू वळले, पहिली पंगत लाइटवाल्यांची बसवली आणि ती उठल्यावरच मॅनेजरला ताटांना हात लावू दिला.