धूरवाले सर

कॉलनीत कोणाचाही वाढदिवस असो, आमचे ट्यूशनवाले सर पांढरा कोट चढवून द्रव नायट्रोजनचा डबा घेऊन हजर. तो कोट कधी प्रयोगशाळेत गेला असेल, असं मला वाटत नाही. पोरांकडे पाठ आणि मोबाइल धरलेल्या आयांकडे तोंड करून ते विज्ञान शिकवतात.

"हवेत नायट्रोजनच जास्त राह्यते. त्याले लय थंड केलं का तो पाण्यासारखा होते. रोज नाकानं घेता, मंग भेता काहून?"

एवढं झालं, की पॉपकॉर्न त्यात बुचकळून तसाच वाफाळता पोरांच्या तोंडात. नाकातून धूर निघाला की टाळ्या. मी एकदा धोक्याचं विचारलं, तर हसले. "तुमी आर्ट्सवाले, तुमाले काय समजते!"

परवा रांगेत त्यांची नात आली. सरांनी तिचा पॉपकॉर्न वाटीत काढला, हलवला, फुंकला आणि धूर पार विरेपर्यंत वाटी हातातच धरून ठेवली. ती रडायला लागली, "आबा, मले धूरवाला पाहिजे!"

"थांब वं," सर हळूच म्हणाले, "जीभ भाजते ना त्यानं."

मग पुढच्या पोराकडे वळले. "हं, आ कर."