घरचा नंबर

टेलिफोनच्या चौकशी विभागात माझी नोकरी होती तेव्हा छापील डिरेक्टरी यायची ती शिळी होऊनच. म्हणून दर शनिवारी नव्या आणि बदललेल्या नंबरांची यादी यायची. ती कार्डांवर उतरवून आडनावांप्रमाणे खणात लावायचं काम माझं. कोणी नंबर विचारला की खण ओढायचा, कार्ड काढायचं, सांगायचं. माझ्या खणात नाही तो माणूस नागपुरातच नाही, असं मी तोऱ्यात म्हणत असे.

कैक वर्षं वाट पाहिल्यावर प्रताप नगरला आमच्याही घरी फोन आला. यादीत बाबांचं नाव दिसलं तशी मी हसले आणि पुढच्या नावाकडे वळले. तोंडपाठ नंबराचं कार्ड कशाला करायचं? जणू साऱ्या नागपूरला तो पाठ होता.

लगेचच मला पाहायला कोराडीच्या वीज केंद्रातला एक मुलगा आला. कॉलरवर कोळशाची राख, बोलणं बेताचं. मला तो फार आवडला. त्याच्या आई म्हणाल्या, कळवतो. बाबांनी ऐटीत, आता फोनच करा, म्हणून सांगितलं आणि त्या भरात नंबर द्यायचा राहिला. आठवडा कोरडा गेला. माझ्या आईनं तो नकारच धरला. दोष माझ्या नाकाचाच असणार, म्हणून मी रोज ते आरशात तपासत होते.

एका दुपारी कामावर असताना कानात आवाज आला, "बाई, मले एक नंबर पाहिजे." पुढे बाबांचं पूर्ण नाव. आवाज मी ओळखला. त्या मुलाच्या आईच होत्या.

"काल तुमच्या तिथल्या बाईनं असा नंबरच नाही म्हटलं. पोरगी म्हणे टेलिफोनात कामाले, अन् घरचा नंबर टेलिफोनालेच माहीत नाही. अशा घरची पोरगी करावी का नाही, तुम्हीच सांगा."

खण न उघडताच मी नंबर सांगितला. त्यापलीकडे बोलायला आम्हाला मनाई होती.

"करा," मी म्हणाले. "मुलगी चांगली आहे. जरा शहाणपणा मिरवते, एवढंच."

पलीकडे त्या खुदकन हसल्या.

"संध्याकाळी फोन येईन म्हणून बाबाले सांगजो वं पोरी," त्या म्हणाल्या.

मी आधी बाबांचं कार्ड लिहायला घेतलं. तो पाठ नंबर दोनदा चुकला.